लकब आणि झीज : अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांची विद्यार्थिलिखित व्यक्तिचित्रे

१

शिक्षकाचे व्यक्तिचित्र हा मराठी गद्यातील चांगला रुळलेला प्रकार आहे. प्राथमिक शाळेतील मास्तर, इंग्रजी शाळेतील संस्कृतचे शास्त्रीबुवा, कला महाविद्यालयातील मराठीचे वा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यांची चित्रे आत्मचरित्रांत, गौरवग्रंथांत आणि दिवाळी अंकांत विपुल आढळतात. त्या मानाने अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक मराठी साहित्यात जवळजवळ अनुपस्थित आहे. ही अनुपस्थिती त्या शिक्षणाच्या नवखेपणामुळे आहे असे म्हणता येत नाही. पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ १८५४ मधला, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वी तीन वर्षांचा. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मधली. स्वातंत्र्यानंतर सांगली, कराड, औरंगाबाद, अमरावती येथे महाविद्यालये निघाली. या सर्व ठिकाणी मराठी मुले शिकली, मराठी अध्यापकांनी शिकवले; आणि तरीही ‘मास्तर’ या शब्दाभोवती मराठी वाचकाच्या मनात जे भावविश्व उभे राहते, तसे ‘मेकॅनिकलचे सर’ या शब्दांभोवती उभे राहत नाही.

हे चित्र कोणी लिहीतच नाही असे मात्र नाही. महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील मराठी विभाग, जिन्यातील भित्तिपत्रक, निरोपसमारंभासाठी लिहून आणलेली चार-पाच पाने, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात वाचली जाणारी टिपणे यांतून ते सातत्याने लिहिले जात आले आहे. या लेखनाचा सूर बहुधा प्रेमळ असतो, त्यात थट्टा असते आणि शेवटी कृतज्ञता असते. हौशी लेखन म्हणून समीक्षेने त्याच्याकडे पाहिलेले नाही. प्रस्तुत लेखात या लेखनाचा एक रूपबंध म्हणून विचार करायचा आहे. ही चित्रे हयात आणि खासगी व्यक्तींविषयीची असल्यामुळे येथे कोणाचे नाव घेतलेले नाही, अवतरणेही दिलेली नाहीत. या लेखनात पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या वैशिष्ट्यांचीच चर्चा केली आहे.

प्रथम या लेखनाची भूमी पाहिली पाहिजे. १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली आणि पुढील दीड-दोन दशकांत हे शिक्षण मोठ्या शहरांच्या बाहेर पडून तालुक्याच्या गावी पोहोचले. कर्जत हे याचे चांगले उदाहरण आहे. तेथे १९९४ मध्ये कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे शंभर किलोमीटर, उपनगरी गाडीने दोन तासांहून थोडे अधिक अंतर. येथून एक फाटा खोपोलीकडे जातो आणि दुसरा मार्ग बोरघाट चढू लागतो. स्थानकालगत भिसेगाव, पलीकडे उल्हास नदी, भोवती कर्जत-खालापूरची भातखाचरे आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. अशा गावी अभियांत्रिकीचे महाविद्यालय येते तेव्हा त्यात मुंबईच्या उपनगरांतून येणारी मुले असतात, आसपासच्या गावांतील घरातली पहिलीच पदवी घेऊ पाहणारी मुले असतात. आणि अध्यापकवर्गातही सकाळच्या कर्जत गाडीने येणारा व संध्याकाळच्या गाडीने परतणारा एक मोठा गट असतो.

या भूगोलाचा व्यक्तिचित्राच्या घडणीशी थेट संबंध आहे. मराठीतील पारंपरिक शिक्षकचित्राचे केंद्र शिक्षकाचे घर हे असते. ओटी, कंदील, पाटावर बसलेली मुले आणि स्वयंपाकघरातून डोकावणाऱ्या काकू ही सामग्री त्या चित्राला गृहीतच असते. गाडीने येणाऱ्या प्राध्यापकाला विद्यार्थ्यांच्या दृष्टीने घर नाही. तो फलाटावर दिसतो, प्रयोगशाळेत दिसतो, तपासणीच्या टेबलामागे दिसतो. घराचा आधार काढून घेतल्यावर शिक्षकाचे चित्र कशाच्या आधाराने उभे करायचे, हा या लेखकांपुढचा वाङ्मयीन प्रश्न आहे. बहुतेकांना सापडलेले उत्तर म्हणजे लकब. थोड्यांना सापडलेले दुसरे उत्तर काय आहे, ते पुढे पाहू.

२

गुरूचे चित्र शिष्याने लिहावे, त्यात भक्तीबरोबर गुरूच्या चमत्कारिक वागण्याचेही तपशील यावेत, ही गोष्ट मराठी गद्याला नवी नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच अशा लेखनाने झालेला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरांच्या सहवासातील माणसांच्या आठवणी गोळा करून. त्यात गुरू काय बोलले एवढेच नाही; कोठे बसले, काय जेवले, कोणावर रुसले, कोणाची थट्टा केली हेही आहे. गोविंदप्रभूंच्या लीळांमध्ये तर गुरूचे वर्तन लौकिक दृष्टीने वेडेपणाचे वाटावे असेच आहे आणि शिष्य ते विनासंकोच, विनास्पष्टीकरण नोंदवतात. म्हाइंभटांच्या पद्धतीचे एक वैशिष्ट्य आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एकाच लीळेचे भिन्न पाठ मिळाले तर ते ‘वासना’ वा ‘शोधु’ म्हणून जपलेले दिसतात. सांगणारा कोण आणि त्याने काय पाहिले याला तेथे किंमत आहे.

महाविद्यालयातील आख्यायिका याच्या नेमकी उलट चालतात. तीच गोष्ट एका पिढीत एका प्राध्यापकाच्या नावावर असते, पुढच्या पिढीत दुसऱ्याच्या. तीच फलाटावरची गंमत कर्जतला सांगतात आणि कराडलाही. सांगणारा साक्षीदार नसतो, वाहक असतो. मौखिक परंपरेचा हा स्वभावच आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु अशा आख्यायिकेतून उभे राहते ते प्राध्यापकाचे चित्र नव्हे, प्राध्यापक नावाच्या नमुन्याचे चित्र होय. व्यक्तिचित्र लिहिणाऱ्याला पहिली निवड येथेच करावी लागते. आपण पाहिलेले लिहायचे की ऐकलेले?

दुसरा आदर्श अर्थातच पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’चा आहे. १९६५ च्या साहित्य अकादेमी पुरस्काराने गौरवलेले हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या व्यक्तिचित्रांवर आजही राज्य करते, इतके की अनेक वार्षिकांकांत प्राध्यापकांवरील लेखांना ‘वल्ली’ असेच सदरनाव दिलेले असते. यातील ‘चितळे मास्तर’ हे चित्र या सर्व लेखनाचे मूळ पीठ होय. त्याचे अनुकरण करताना विद्यार्थी मास्तरांच्या लकबी घेतात: विशिष्ट हाक, विशिष्ट उद्गार, मुलांना ठेवलेली नावे. परंतु त्या चित्राचे मर्म लकबींत नाही. मास्तरांच्या झिजलेल्या वहाणा वाचकाच्या लक्षात राहतात, कारण लकबींतून हसत हसत पुढे आलेला वाचक त्या वस्तूपाशी येऊन थांबतो. वर्षानुवर्षांची पायपीट, विनामोबदला घेतलेले वर्ग, स्वतःकडे झालेले दुर्लक्ष हे सारे त्या वस्तूत साठलेले असते. लकब ही माणसाच्या स्वभावाची खूण असते. झीज ही त्याच्या श्रमाची खूण असते. पु. लं.च्या उत्तम व्यक्तिचित्रांत पहिलीकडून दुसरीकडे जाण्याची वाट आहे. अनुकरणात ती वाट बहुधा हरवते आणि पहिलीच शिल्लक राहते.

याउलट दिशेचे लेखनही मराठीत आहे, त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यातील महाविद्यालयीन जगाकडे ज्या उपरोधाने पाहतो, त्याने प्राध्यापक या संस्थेभोवतीचे वलय काढून टाकले. त्यानंतर निखळ भक्तीने प्राध्यापकाचे चित्र लिहिणे मराठी लेखकाला अवघड झाले. आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी या दोन परंपरांच्या मधोमध उभा राहून लिहितो. त्याला भक्ती भाबडी वाटते आणि उपरोध कृतघ्न वाटतो. प्रेमळ थट्टा हा त्याने काढलेला मधला मार्ग आहे. हा मार्ग सोपा दिसतो, तितका तो नाही.

३

प्रेमळ थट्टेचे सर्वांत सोपे रूप म्हणजे फिशपॉण्ड. स्नेहसंमेलनात निनावी चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि ज्याच्या नावाने टोमणा असेल त्याला उद्देशून तो मंचावरून वाचायचा, ही महाराष्ट्रातील महाविद्यालयांची जुनी रीत आहे. पुष्कळशी विद्यार्थिलिखित व्यक्तिचित्रे म्हणजे एकापुढे एक जोडलेले फिशपॉण्डच असतात. सरांचा खडू फेकण्याचा नेम, प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणारे ‘ओके’, हजेरी घेताना चुकणारे आडनाव, वर्षभर बदललेला नसलेला स्वेटर. प्रत्येक तपशील खरा असतो, विनोदीही असतो. पण तपशिलांत क्रम नसतो. त्यांतले कोणतेही दोन काढून त्यांची जागा बदलली तरी चित्रात फरक पडत नाही. ज्या चित्रातील तपशील असे अदलाबदल करता येतात, त्याला रूप आलेले नाही असे म्हणावे लागते.

बाख्तिनने मध्ययुगीन युरोपातील उत्सवी हास्याविषयी जे म्हटले, त्याचा आधार घेऊन स्नेहसंमेलनाकडे उलट्या जगाचा दिवस म्हणून पाहता येईल. त्या दिवशी विद्यार्थी सरांची नक्कल करतो आणि सर पहिल्या रांगेत बसून हसतात. परंतु हे साम्य एका मर्यादेपर्यंतच नेता येते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात टर्मवर्कचे गुण अध्यापकाच्या हाती असतात. सबमिशनच्या आठवड्यात त्याची सही मिळाल्याशिवाय जर्नल पुरे होत नाही; एखाद्या विषयात केटी लागली तर पुन्हा त्याच सरांपुढे उभे राहायचे असते. नक्कल करणाऱ्याला हे ठाऊक असते, पाहणाऱ्यांना ठाऊक असते आणि हसणाऱ्या सरांनाही ठाऊक असते. म्हणून या हास्यात मोकळेपणाबरोबर वाटाघाटही असते. चौथ्या वर्षाच्या निरोपाला लिहिलेले चित्र आणि दुसऱ्या वर्षात वार्षिकांकासाठी लिहिलेले चित्र यांच्या सुरातला फरक येथून येतो. समीक्षकाने हा संदर्भ डोळ्यांआड केला, तर ज्याला तो निरागस जिव्हाळा समजेल ती सावध जुळवणूक असू शकते.

याहून गंभीर प्रश्न थट्टेच्या लक्ष्याचा आहे. या चित्रांतील सर्वाधिक वारंवार येणारा विनोद प्राध्यापकाच्या इंग्रजीवर असतो: मराठी वाक्यरचनेचे इंग्रजी, गावाकडचा उच्चार, ‘श’ आणि ‘स’ यांची गल्लत. हा विनोद कोण कोणावर करतो हे पाहिले पाहिजे. मुंबईच्या उपनगरातील इंग्रजी शाळेतून आलेला विद्यार्थी जेव्हा सोलापूर, बीड वा नांदेडकडील शाळेतून शिकून आलेल्या, घरातील पहिलाच पदवीधर असलेल्या अध्यापकाच्या उच्चाराची नक्कल करतो, तेव्हा वरवर पाहता सत्ता अध्यापकाकडे असते, पण सांस्कृतिक वरचष्मा विद्यार्थ्याकडे असतो. उच्चारात प्रदेश असतो आणि आपल्या समाजात बहुतेक वेळा जातही असते. शेवटच्या परिच्छेदात ‘तरीही सर आमचे लाडके’ असे लिहिल्याने आधीच्या तीन पानांतला तो दंश निघून जात नाही. उलट तोच विनोद तशाच पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्याने लिहिला, तर त्याचा अर्थ पालटतो; त्यात स्वतःच्या जिभेची ओळख असते, सर जेथे अडखळतात तेथे आपणही अडखळतो याची जाण असते. संहिता तीच, शब्द तेच. लिहिणाऱ्याचे स्थान बदलले की थट्टेची जात बदलते. लेखकाचे स्थान लक्षात न घेता निव्वळ संहिता वाचण्याचा आग्रह या ठिकाणी अपुरा पडतो.

अध्यापिकांच्या चित्रांत हा रूपबंध जवळजवळ कोसळतो. ‘मॅडम’ एक तर मायाळू असतात, नाही तर कडक. पहिल्या प्रकारात त्यांना आई केले जाते, दुसऱ्यात सासू. त्यांचा विषय कोणता, तो त्या कशा शिकवतात, हे क्वचितच येते. पुरुष प्राध्यापकाला निदान विक्षिप्तपणाची सवलत आहे. ‘वल्ली’ होण्याचा अधिकार या लेखनाने अध्यापिकेला अजून दिलेला नाही.

४

या लेखनातील भाषेचा प्रश्न अधिक खोल आहे. अभियांत्रिकीचे व्याख्यान इंग्रजीत चालते, पुस्तक इंग्रजीत असते, उत्तरपत्रिका इंग्रजीत असते. वर्गात मराठी येते ती दोन प्रसंगी: रागावताना आणि समजावताना. सूत्र फळ्यावर इंग्रजीत मांडून झाल्यावर मागच्या बाकांवरील चेहरे पाहून सर जेव्हा मराठीत उतरतात, तेव्हा त्या दोन वाक्यांत विषय कळतो, हा अनुभव बहुतेक चित्रांत आहे. व्यक्तिचित्र मराठीत लिहिले जात असल्यामुळे त्यात प्राध्यापकाचे मराठी क्षण वेचून येतात. परिणामी चित्रातील सर हे माणूस म्हणून मराठी असतात आणि तज्ज्ञ म्हणून इंग्रजी. आणि तज्ज्ञ चित्राबाहेर राहतो. वाचकाला सरांचा राग, माया, विनोद हे सर्व कळते, फक्त सर काय शिकवत होते ते कळत नाही. मराठी ही जिव्हाळ्याची भाषा आणि इंग्रजी ही ज्ञानाची, ही विभागणी प्रेमाच्या भरात पक्की केली जाते. आपल्या भाषेचा गौरव करतो आहोत असे लेखकाला वाटत असते. प्रत्यक्षात तो तिला घरात बसवत असतो.

ही विभागणी स्वाभाविक नाही, ऐतिहासिक आहे. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तांत्रिक शिक्षणासाठी गणिताची पुस्तके मराठीत तयार झाली आणि त्या कामात जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारखे पंडित होते. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या कोशाच्याही आधी मराठीत भूमिती शिकवण्याची तजवीज चालू होती. ती वाट पुढे बंद झाली. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण देण्यास मान्यता दिली. त्या प्रयोगाचे मूल्यमापन हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु ज्या भाषेत अभियांत्रिकी शिकवायची, त्या भाषेत ती शिकवणाऱ्या माणसाचे चित्र नसावे, ही उणीव परिभाषेच्या उणिवेहून लहान नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयात एक जागा अशी आहे की जेथे मराठी ही आजही ज्ञानाची भाषा आहे. ती म्हणजे वर्कशॉप. पहिल्या वर्षाच्या मुलाला फिटिंगचा जॉब दिला जातो तेव्हा त्याला कानस कशी धरायची, तिचा दाब पुढे जाताना द्यायचा आणि मागे येताना काढायचा हे मराठीत सांगितले जाते. रंधा, पटाशी, छिन्नी, ऐरण, भाता हे शब्द तेथे वापरातले आहेत. ते कोणा समितीने घडवलेले नाहीत. पण ते सांगणारा माणूस बहुधा आयटीआय झालेला निदेशक असतो, नाही तर ज्याला सगळे ‘मामा’ म्हणतात तो प्रयोगशाळेतील परिचर. विद्यार्थ्यांच्या लेखनात प्राध्यापकांवर स्वतंत्र लेख असतात. मामांवर शेवटी एक ओळ असते आणि तीही चहाच्या संदर्भात. ‘मामा’ या नात्याच्या शब्दात माया आहे, पण त्याच शब्दाने त्यांचे ज्ञान दृष्टीआड केले जाते. ज्याला सर म्हणतात तो शिकवतो आणि ज्याला मामा म्हणतात तो सांभाळतो, अशी ही नात्यांची उतरंड आहे. ज्या भाषेत विषय हाताला कळला, त्या भाषेच्या बोलणाऱ्याला चित्रात जागा नाही, हा विरोधाभास या लेखकांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

प्रसिद्ध अभियंत्यांच्या आठवणींकडे पाहिले तर वेगळी शक्यता दिसते. रघुनाथ माशेलकर यांनी आपल्या शाळेतील भावे सरांची आठवण जाहीरपणे अनेकदा सांगितलेली आहे: भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवणारे आणि त्यावरून एकाग्रतेचा अर्थ सांगणारे सर. ही आठवण महाराष्ट्रात इतकी सर्वतोमुखी झाली आहे की तिचा रूपबंध पाहायचे राहून जाते. त्यात सरांची एकही लकब नाही. त्यांचा पोशाख, उच्चार, राग यांविषयी काही नाही. एक वस्तू आहे, एक कृती आहे आणि त्या कृतीतून प्रकट झालेला माणूस आहे. याच माशेलकरांनी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले ते मनमोहन शर्मा १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक झाले आणि १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे पहिले भारतीय अभियंते ठरले. शर्मांचे मोठेपण मराठी वाचकाला माहितीच्या स्वरूपात ठाऊक आहे. भावे सरांचे मोठेपण त्याने डोळ्यांनी पाहिल्यासारखे आहे. फरक भिंगाचा आहे.

५

आता विद्यार्थ्यांच्या लेखनाकडे परत येऊ. ड्रॉइंगच्या सरांविषयीची एक आख्यायिका अनेक महाविद्यालयांत थोड्याफार फरकाने सांगितली जाते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ‘जीटी मारणे’ हा सर्वमान्य संस्कार आहे. काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची शीट आणि त्यावर आपला कोरा कागद ठेवून आकृती उतरवून घ्यायची. सर एका दृष्टिक्षेपात जीटी ओळखतात, अशी ही गोष्ट.

तिच्या दोन संहिता आहेत. पहिलीत सर शीट हातात घेतात, एक खोचक वाक्य बोलतात, वर्ग हसतो, शीट फाटते वा परत येते. येथे सरांची चतुराई आहे, त्यांचे प्रसिद्ध वाक्य आहे, मुलाची फजिती आहे. दुसऱ्या संहितेत सर शीट उलटी करतात आणि बोट फिरवतात. वर्तुळ स्वतः काढलेले असेल तर केंद्राशी कंपासचे टोक रुतल्याचे छिद्र पडते. उतरवलेल्या वर्तुळाला केंद्र असते, छिद्र नसते. रचनेच्या फिकट रेषाही नसतात, कारण विद्यार्थ्याने उत्तर उतरवलेले असते, ते ज्या वाटेने आले ती वाट उतरवलेली नसते. सर काही बोलत नाहीत. एक दृश्य पुन्हा काढून आण, एवढेच सांगतात.

पहिल्या संहितेत आपल्याला एक वल्ली भेटते. दुसरीत ड्रॉइंगचा शिक्षक भेटतो. दुसऱ्या संहितेत विषय आला आहे, आणि तो माहिती म्हणून नव्हे तर सरांच्या बोटांतून आला आहे. हजारो शीटवरून फिरलेले ते बोट हे या सरांच्या वहाणा आहेत. शिवाय त्या कृतीत एक विचार आहे: उत्तराला किंमत नाही, ते कसे आले याच्या खुणांना किंमत आहे. हा विचार लेखकाने शब्दांत सांगितलेला नसतो आणि सांगू नयेच. त्याला तो कळलेला असतो म्हणूनच तपशिलांच्या गर्दीतून त्याने छिद्राचा तपशील निवडलेला असतो. प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर ते हे. शिक्षकाचे घर दिसत नसेल तर त्याचे काम दाखवावे. तालुक्याच्या गावी गाडीने येणाऱ्या प्राध्यापकाचे घर विद्यार्थ्याला दिसत नाही, पण त्याच्या कामाचा तो रोजचा आणि एकमेव साक्षीदार असतो. म्हाइंभटांच्या अर्थाने त्याची ‘वासना’ जपण्यासारखी असते.

याच्या तुलनेत ‘थ्री इडियट्स’ (२००९) या हिंदी चित्रपटातील प्राचार्य पाहावा. वीरू सहस्रबुद्धे हे नाव मराठी, पण माणसात मराठी काही नाही. दोन्ही हातांनी लिहिणे, ठरलेल्या मिनिटांची झोप, बोबडा उच्चार अशा लकबींनी तो घडवलेला आहे आणि विद्यार्थ्यांनी ठेवलेले ‘व्हायरस’ हे नाव त्यावर कळस चढवते. त्याच्याकडेही एक वस्तू आहे: अंतराळवीरांचे म्हणून मिरवलेले पेन. परंतु ते पेन वापरून झिजलेले नाही, पुरस्कार म्हणून खिशात जपलेले आहे. ते मालकी सांगते, श्रम सांगत नाही. या चित्रपटानंतरच्या विद्यार्थिलेखनावर त्याची गडद छाया आहे. प्राध्यापकाकडे पाहताना त्याचे काम शोधण्याऐवजी त्याचा ‘व्हायरस’ शोधण्याची सवय त्याने लावली.

प्रेमळ व्यक्तिचित्राची सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे. विनाअनुदानित व्यवस्थेत अध्यापकाचे वेतन शुल्कावर अवलंबून असते. जागा रिकाम्या राहू लागल्या की पहिला फटका वेतनाला बसतो. थकलेले पगार, वर्षावर्षाच्या नेमणुका, एकाच वेळी अध्यापन, प्रवेश, मान्यतेची कागदपत्रे आणि परीक्षेचे काम ही या क्षेत्राची जाहीर चर्चेत आलेली वस्तुस्थिती आहे. ती कोणा एका संस्थेची नाही. विद्यार्थिलिखित व्यक्तिचित्रांत यातले जवळजवळ काहीही येत नाही. वर्षभर तोच स्वेटर हा विनोदाचा विषय होतो. तोच स्वेटर का, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. मध्येच नोकरी सोडून गेलेल्या सरांविषयी ‘आम्हांला सोडून गेले’ असे हळवे वाक्य येते. का गेले, ते येत नाही. सर सर्वस्व देणारे, सर निरपेक्ष, असे म्हणताना सरांना काही अपेक्षा असू शकतात हेच नाकारले जाते. गुरुभक्तीची जुनी परिभाषा नव्या सेवाशर्तींवर पांघरूण घालते. प्रेम येथे खोटे नसते. पण त्याचा उपयोग न पाहण्यासाठी होतो.

यावर असा आक्षेप येईल की वीस वर्षांच्या मुलाने निरोपाच्या दिवशी लिहिलेल्या चार पानांवर एवढा भार टाकू नये. हा आक्षेप सहानुभूतीचा असला तरी तो मान्य करता येत नाही. पु. लं.नी चितळे मास्तरांवर लिहिताना शालेय शिक्षकाच्या अर्थस्थितीवर निबंध लिहिला नाही. वहाणा पाहिल्या, एवढेच. विद्यार्थ्यांकडूनही निबंधाची अपेक्षा नाही. अपेक्षा पाहण्याची आहे. आणि ज्या लेखनात ते पाहणे घडते, ते कोणाही नामवंत लेखकाच्या गौरवलेखापेक्षा मोलाचे ठरते, कारण ते पाहणारा दुसरा कोणी नसतो. गौरवग्रंथ कुलगुरूंचे निघतात, ड्रॉइंगच्या सरांचे निघत नाहीत.

मराठी व्यक्तिचित्राने गेल्या शतकात पंतोजी, मास्तर आणि प्राध्यापक यांना साहित्यात नागरिकत्व दिले. महाराष्ट्रातील शिक्षणाचा मोठा भाग ज्या महाविद्यालयांत आता चालतो, तेथील शिक्षकाला ते अद्याप मिळालेले नाही. ते मिळवून देण्याची सामग्री प्रस्थापित लेखकांपाशी नाही. ती वार्षिकांकांच्या त्या चार-दोन पानांत आहे, जेथे लकब सांगता सांगता लेखकाचे लक्ष खडूने पांढऱ्या झालेल्या बाहीकडे, कंपासच्या छिद्रावरून फिरणाऱ्या बोटाकडे, कानशीवरचा मुलाचा हात स्वतःच्या हाताने फिरवणाऱ्या निदेशकाकडे गेले आहे. वार्षिकांकांचे संपादन करणाऱ्या मराठीच्या अध्यापकांनी अशी पाने हुडकली पाहिजेत, लेखकाला ‘अजून एक तपशील दे, पण तो कामाचा दे’ असे सांगितले पाहिजे आणि मामांवरच्या एका ओळीचा परिच्छेद करून मागितला पाहिजे. व्यक्तिचित्र या वाङ्मयप्रकाराचे पुढचे पाऊल ग्रंथालयात पडेल की नाही हे सांगता येत नाही. ते वर्कशॉपच्या दारात पडण्याची शक्यता मात्र पुष्कळ आहे.